धक्क्यावरचा कोयता

कांदळकोंडच्या धक्क्याला आता एकही ओंडका लागत नाही. लाकडाच्या गिरणीचं धुराडं तेवढं उभं आहे, आणि पाण्यालगतच्या खांबावर एक कोयता टांगलेला आहे. गावात नवी सून आली की देवळाच्याही आधी तिला इथे आणतात. मलाही आणलं. हातात तेलाची वाटी दिली, आणि नवऱ्याची आत्या, अनशीआत्या, पायरीवर बसून सांगू लागली.

गिरणी चालू होती तेव्हा वरच्या रानातले ओंडके खाडीतून वाहत यायचे, म्हणे. धक्क्याशी ते सगळे एकाच दोरखंडाने जखडून ठेवत. गावची पोरं त्यांच्यावरून पळायची. पायाखाली ओंडका गरगर फिरायचा, केसांत भुसा. भुसा वाहणारी येसू, तिची लेक चंद्री त्यांत सगळ्यांत चपळ. एका ओहोटीला तिचा पाय सटकला. दोन ओंडक्यांमधून ती खाली गेली आणि वर लाकूड पुन्हा मिटलं.

दोर तोडला असता तर ओंडके फाकले असते. पण मग सगळा माल समुद्रात गेला असता. धक्क्यावर माणसं होती, त्यांच्या हातात कुऱ्हाडी होत्या. मुकादम म्हणाला, "थांबा रे, मालकांना विचारून येतो."

"आणि ते थांबले?" मी विचारलं.

"थांबले गो. भले लोक होते."

येसूने एकेकाच्या हातातली कुऱ्हाड ओढून पाहिली, म्हणे. कुणी सोडली नाही. मग ती घरी धावली, झावळ्या तोडायचा कोयता घेऊन आली आणि दोरावर घाव घालत सुटली. ओंडके फाकले, समुद्राकडे निघाले. चंद्री वर आली, पण फार उशिरा. हिरवा परकर होता, पाण्याने फुगलेला.

आत्या सगळ्याला 'म्हणे' लावत होती. परकराला तेवढं लावलं नाही.

येसूने तोच कोयता या खांबाला टांगला. म्हणाली, "हा कुणाचाच नाही. लागेल त्याने घ्यावा, विचारू नये."

मी पात्याला तेल लावलं. आत्याने खांबाला दोर गुंडाळला. "तोड."

कोयता उचलला आणि मी सवयीने मागे उभ्या नवऱ्याकडे पाहिलं.

आत्याने माझी हनुवटी धरून मान फिरवली. "तिकडे काय बघतेस? दोराकडे बघ."

तो दोर बाद. तिने पिशवीतून दुसरा काढला. पिशवीत बरेच होते.

आजही कांदळकोंडात प्रत्येक सुनेला हा दोर तोडावा लागतो, आणि असं सांगतात की पहिल्या दोराला अजून कुणालाच जमलेलं नाही. मी दुसरा तोडला. खाली ओहोटी लागली होती. तुकडा पाण्यात पडला आणि समुद्राकडे निघाला.