उलटा घाट

“मग चढवू कसा, उस्ताद?”

रणधीर घोलपनं तिसऱ्यांदा विचारलं. इस्माईल उस्ताद रस्त्याकडेच्या दगडावर बसले होते.

समोर साठ चाकांचा ट्रेलर अडकून पडला होता. त्यावर नव्वद टनांचा ट्रान्सफॉर्मर. हजार मैल रेल्वेनं आला, घाटाखाली मालधक्क्यावर उतरला, आणि पहिल्याच वळणावर थांबला. घाटमाथ्यापलीकडच्या बावीस गावांत सतरा दिवस वीज नव्हती.

रणधीर अवजड ट्रेलर चालवायला उस्तादांच्याच हाताखाली शिकलेला. आता त्याचं नाव मोठं होतं. चार दिवस हट्टानं झुंजला, मग म्हाताऱ्याला घरून घेऊन आला.

“वळण अरुंद आहे. कडा फोडायला हवा. परवानगीला महिना लागेल.”

“गाडीचं तोंड कुठंय?” उस्तादांनी विचारलं.

“हे काय, पुढं.”

“कुणी ठरवलं?”

रणधीरनं ओढणाऱ्या इंजिनाकडं बोट दाखवलं.

उस्ताद उठले. काठी टेकत ट्रेलरच्या मागच्या टोकाला गेले. तिथल्या जोडाच्या लोखंडावर हात ठेवला.

“इंजिन सोड. इथं जोड.”

“म्हणजे घाट उलटा चढायचा? उस्ताद, लोक बघताहेत. वीस वर्षांत मी कधी...”

उस्तादांनी हात उचलला नाही.

रणधीरनं बाह्या सरसावल्या. मग त्यानं स्वतःच पाना घेतला.

वळणापुढच्या मोकळ्या जागेत ट्रेलर सरळ नेला. इंजिन सोडून मागच्या टोकाला जोडलं. शेपूट होती ती तोंड झाली, आणि ट्रेलर वरच्या रस्त्याला लागला. दुसऱ्या वळणावर पुन्हा अदलाबदल. तिसऱ्यावर पुन्हा. उस्ताद शेजारच्या सीटवर डोळे मिटून बसले होते.

सातवं वळण सुटलं तेव्हा ऊन कलायला लागलं होतं.

माथ्यावर बावीस गावांची माणसं उभी होती. हलगी कडाडली. बायकांनी ट्रान्सफॉर्मरला हळदकुंकू लावलं. वायरमन लोकांनी रणधीरला खांद्यावर घेतलं. त्याचे डोळे भरून आले. खाली उतरताच तो उस्तादांच्या पाया पडला.

“जिंकलो, उस्ताद. बसा, पलीकडं उतरून सबस्टेशनला जाऊ.”

उस्ताद बसले नाहीत. त्यांनी रणधीरला केबिनमध्ये चढवलं आणि दार बाहेरून लावलं.

“तुम्ही नाही येणार?”

“चढ इंजिनानं काढला,” उस्ताद म्हणाले. “उतारावर ओझं मागून ढकलतं, ते माणसानं आवरायचं. उतार तू काढ.”