ससाण्यांनी बंद केलेलं आकाश

फार पूर्वी, आकाश सगळ्यांचंच आहे असं पाखरांना वाटायचं, तेव्हाची ही गोष्ट. सोनबा नावाचा धनेश पक्षी अंड्यांवर बसलेल्या बायकोला रोज उंबरं नेऊन भरवायचा. ती बसली होती त्या झाडाच्या ढोलीचं तोंड, चोचीपुरती फट सोडून, मातीनं लिंपलेलं होतं. तो गेला नाही, तर ती उपाशी राहायची.

एके दिवशी ससाण्यांच्या नाईकानं त्याला अडवलं. "पुढचं आकाश बंद. आमची कवायत आहे."

"कुठपर्यंत बंद?"

"ते गुपित आहे."

"मग मी टाळू कसं?"

"जपून."

बिचारा सोनबा खालच्या घळीतून जाऊ लागला. तिथला वारा त्याला गरगर फिरवायचा. निम्मी उंबरं वाटेतच सांडायची. एकदा तर कड्यावर आपटून त्याचा पंख दुखावला.

महिन्याभरानं त्याला नाईक खडकावर ऊन खात बसलेला दिसला.

"कवायत कधी संपणार, नाईक?"

"संपली की! दुसऱ्याच दिवशी."

"अहो, मग सांगितलं का नाही?"

"बंद केल्याचं सांगायचा हुकूम होता. उघडल्याचं सांगायचा हुकूम आलाच नाही."

सोनबा दुखऱ्या पंखानं सरळ ढोलीकडे उडाला. फटीतून बायकोची चोच बाहेर आली. "आज लवकर आलात? वाट मोकळी झाली वाटतं?"

"मोकळीच होती गं," तो म्हणाला आणि तिला भरवू लागला.