विहिरीपाशी सुटलेल्या रेघा

हे कुणाला सांगायचं नाही, असं मामांनी मला बजावलं होतं. तरी लिहिते.

“म्हणजे रेघ चुकली का, सर?” श्रीरंगदादाने पुन्हा विचारलं.

मामा कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवायचे. श्रीरंगदादा त्यांचा सर्वांत हुशार विद्यार्थी, आणि ते त्यालाही ठाऊक होतं. गावातल्या कुठल्या बोअरात काय लागलं, त्यावरून त्याने जमिनीखालचा नकाशा केला होता. रेघेच्या अलीकडे काळा दगड, पलीकडे मऊ मुरूम. गावाची नवी विहीर त्याने दगडाच्या बाजूला धरली, म्हणून ती आतून बांधली नाही. खणताना मुरूमच लागला. श्रीरंगदादा म्हणाला, “दगड येईल. खणा.”

कड ढासळली तेव्हा खणणारा यल्लाप्पा आत होता. तो वाचला नाही.

मामांनी पारदर्शक ट्रेसिंग पेपरांवर नुसते बोअरांचे ठिपके काढले. दगडाचे काळे, मुरमाचे तांबडे. एक कागद मला दिला, एक मामीला.

“दोन्हींच्या मधून रेघ काढा.”

“अहो, मला करंजीची कड जमते, जमिनीची नाही,” मामी म्हणाली. पण तिने काढली. मीही काढली. मामांनीही.

मग श्रीरंगदादाचा नकाशा आणि आमचे तीन कागद त्यांनी एकावर एक खिडकीच्या काचेला चिकटवले.

बोअर जवळजवळ होते तिथे चारही रेघा एक झाल्या होत्या. विहिरीपाशी ठिपकेच नव्हते. तिथे त्या दोरीचं टोक पिंजावं तशा सुटल्या होत्या.

“सर, तुमच्या रेघेनंही विहीर दगडातच येते!”

“येते.”

“मग माझी चूक नाही...”

मामांनी सुटलेल्या रेघांवर बोट ठेवलं. “इथे ठिपके नाहीत, हे तुला दिसलं होतं?”

“...दिसलं होतं.”

“मग?”

“लोक म्हणाले असते, एवढं शिकला आणि सांगता येत नाही.”

मामीने पाणी आणलं. त्याने घेतलं नाही.

“उद्या यल्लाप्पाच्या बायकोकडे जातोय, सर. काय सांगू तिला?”

“मला माहीत नव्हतं, असं सांग.”

“एवढंच? हे ऐकून ती काय करील?”

“ते मला माहीत नाही.”

श्रीरंगदादा गेला. कागद अजून काचेवरच आहेत. मामा रोज तिथे जाऊन उभे राहतात. मामी जेवायला हाक मारते, तरी ते हलत नाहीत, आणि मला वाटतं की ते...

“रेवा, जरा इकडे ये. यातली माझी रेघ कुठली गं?” मामांनी काचेपासूनच हाक मारली.