उलटी चढणारी जीप

फार पूर्वी, गाड्या बोलायच्या त्या काळात, एका भंगारवाल्याकडे जुन्या जीपगाड्या तोडल्या जायची वाट बघत उभ्या होत्या. एक दिवस भिवा आला. त्याचा दादा वारल्यावर घरच्यांनी विकलेली जीप त्याला परत हवी होती. पण गंजून सगळ्या सारख्याच दिसत होत्या.

जीव वाचवायला पहिली म्हणाली, "मीच ती. मी कधी बंद पडले नाही."

"मी तर लोण्यासारखी धावायचे," दुसरी म्हणाली.

कोपऱ्यातली म्हणाली, "मी घाट फक्त उलटा चढायचे. तुझा दादा मान मागे वळवून मला शिव्या देत बसायचा."

भिवा रडता रडता हसला. "कुठल्या शिव्या?"

तिने एकेक ऐकवली. भिवाने तिला घरी नेलं.

तेव्हापासून बाकीच्या जीपा आपापले बिघाड आठवत बसल्या आहेत.