बाविसावा चिरा

खडकुंब्याच्या या विहिरीच्या काठाचे चिरे मोजा, मी थांबतो. एकवीस भरतात. मग हातभर मोकळी जागा, आणि पलीकडे चिंचेखाली पडलाय तो बाविसावा. मापाला अगदी बरोबर, तरी कुणी बसवलेला नाही.

असे सांगतात, की या घाटाने व्यापारी तांडे चढत, त्या काळी सामदत्त नावाच्या पाथरवटाने ही विहीर बांधायला घेतली. रुंदी सात हात. त्याच्या घराण्याचा आडाखा एकच: रुंदीच्या तिप्पट काठ. ओबडधोबड दगडांना तो आडाखा आजवर चालून गेला होता, फट राहिली की कपच्या ठोकायच्या. या वेळी मात्र घडीव चिरे होते, हातभर लांबीचे, मोजून एकवीस.

तांड्याबरोबर थेओन नावाचा एक यवन, म्हणजे ग्रीक माणूस, आला होता. चिरे पाहून तो म्हणे थबकला. खुंटी-दोरीने त्याने मातीत वर्तुळ काढले आणि आत अर्ध्या रुंदीच्या सहा काठ्या टोकाला टोक लावून मांडल्या. "ही तुझी तिप्पट. पण बघ, वर्तुळ काठ्यांच्या बाहेर फुगलंय." मग सहाच्या बारा बाजू केल्या, बाराच्या चोवीस, अशा शहाण्णवपर्यंत. तितक्याच बाजू बाहेरूनही आखल्या. वर्तुळ दोहोंच्या मध्ये कोंडले. "आमच्याकडचे जाणते असंच मोजतात. तिप्पट, आणि वर रुंदीचा सातवा भाग, अगदी किंचित कमी. तुला अजून एक चिरा लागेल."

चारचौघांत चूक काढलेली सामदत्ताला झोंबली. त्याने ती आकृती पायाने पुसून टाकली. "माझ्या आज्या-पणज्याला मोजता येत नव्हतं होय? चालता हो!" उन्हातून आलेल्या माणसाला बस म्हटले नाही, पाणी विचारले नाही. सामदत्त आमच्याच घराण्यातला; सांगताना अजून मान खाली जाते.

तिसऱ्या दिवशी काठ बसवला. हातभर कमी पडला. सामदत्त तसाच घाट उतरून बंदरावर धावला, पण थेओनचे गलबत निघून गेले होते. परत येऊन त्याने बाविसावा चिरा घडवला आणि शपथ घेतली, की थेओन येऊन हात लावील तेव्हाच हा बसेल. वाट पाहता पाहता तो म्हातारा झाला आणि गेला. थेओन काही आला नाही.

आजही गावातले कुणी त्या चिऱ्यावर टेकत नाही. तो परक्या माणसाचा. आल्यागेल्याला आम्ही त्यावर बसवतो, पाणी देतो आणि सामदत्ताचे राहून गेलेले बोलतो. तुम्हीही बसा. हे घ्या पाणी.

पाहुणं, तुमचं बरोबर होतं.