डहाळे उतरवलेलं गाव

फार पूर्वी, शहरांभोवती तट असत तेव्हाची ही गोष्ट. एका राजधानीच्या तटाला बाहेरून खेटून एक गाव होतं. गावातली निम्मी माणसं रोज शहरात कामाला जात आणि वेशीचे दरवाजे बंद व्हायच्या आत धापा टाकत परत येत. त्यामुळे धड खेडं नाही आणि धड शहर नाही, अशी त्या गावाची गत झाली होती. गावकरी पाहुण्यारावळ्यांना "आम्ही शहरातलेच की" असं सांगत. शहरातली माणसं मात्र त्यांना "तटाबाहेरचे" म्हणत, आणि ते त्यांच्या फार जिव्हारी लागे.

या गावाची एक जुनी रीत होती. घरात कोणी आजारी पडलं की दाराला कडुनिंबाचा डहाळा बांधायचा. डहाळा दिसला की येणाऱ्याजाणाऱ्याने थांबून विचारायचं, "कोण निजलंय?" मग कोणी पाणी भरून देई, कोणी पेज आणी, कोणी घटकाभर उशाशी बसे. एखाद्या आळीत डहाळे फारच दिसू लागले, की चार जाणती माणसं जाऊन त्या आळीचा आड उपसून पाणी नासलंय का ते बघत. एवढ्यावर ते गाव पिढ्यान्‌पिढ्या तगलं होतं.

त्या गावात एक कोष्टीण राहायची. नवरा मागेच वारला होता. हातमाग आणि येसू नावाची लहानगी लेक, एवढाच तिचा संसार. त्या वर्षी येसूला ताप भरला. कोष्टिणीने डहाळा बांधला आणि लगेच बायाबापड्यांची ये-जा सुरू झाली. भिंतीला भिंत लागून राहणारी तेलीण तर रोज येऊन येसूचे तळपाय चोळून जायची. ताप चढत होता, उतरत होता, पण घरात माणसं होती म्हणून कोष्टिणीला धीर होता.

अशात राजाची दवंडी आली. शहर वाढलं होतं, तट पुढे सरकवायचा होता. राजवैद्य येऊन गावाची तब्येत आणि गावाचा स्वभाव, दोन्ही पारखून जाणार होते. गाव निरोगी निघालं तर यंदाच तटाच्या आत घेणार. आजार आढळला तर वैद्य तिथेच मुक्काम करून औषधपाणी करतील आणि पुढच्या वर्षी पुन्हा बघू, असं राजाचं म्हणणं होतं.

आता यात वाईट काय होतं? फुकटचं औषध मिळणार होतं आणि एक वर्ष थांबायचं होतं, एवढंच. पण ओढ्यापलीकडे दुसरं एक गाव होतं, आणि ते आपल्याआधी आत जाईल या विचारानेच इथल्या लोकांना चैन पडेना. पाटलाने चावडीवर माणसं जमवली. "पलीकडचे आत जाऊन बसतील आणि आपण बाहेरून बघत राहू," तो म्हणाला. "राजाचा हुकूम येईपर्यंत दारावर कडुनिंबाचं एक पान दिसता कामा नये." माना डोलल्या. कोष्टीणही मागे उभी होती, आणि खरं सांगायचं तर तिचीही मान डोलली. तटाच्या आतल्या बायका तिच्या लुगड्यांना हसून "बाहेरचा माल" म्हणायच्या, ते तिला आठवलं.

तिने घरी येऊन डहाळा सोडला. येसूने अंथरुणातून विचारलं, "आई, मी बरी झाले का?"

"झालीस हो," कोष्टीण म्हणाली आणि पाठ फिरवून चुलीपाशी गेली.

दुसऱ्या दिवशी तेलीण आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. कोष्टिणीला वाटलं, डहाळा नाही म्हणून तिला पोर बरी झाली असं वाटलं असेल. जाऊन सांगावं असं मनात आलं, पण आळीतल्या सगळ्या दारांवर रांगोळ्या होत्या, तोरणं होती, सगळी घरं कशी धडधाकट दिसत होती. साऱ्या गावात आपल्याच घरात तेवढं दुखणं आहे, या विचाराने ती वरमली. तिने दार लोटून घेतलं.

राजवैद्य आले. म्हातारा भला माणूस होता, पण पुष्कळ गावं बघून थकलेला. पाटलाने चावडीवर तालमीतले गडी ओळीने उभे केले होते. वैद्यांनी त्यांच्या नाड्या पाहिल्या, जिभा पाहिल्या. मग ते आळीतून चालत निघाले आणि नेमके कोष्टिणीच्या दारापाशी थांबले.

"तुमच्या गावात आजारी घरावर डहाळा बांधतात असं ऐकलं होतं," ते म्हणाले. "मला एकही दिसला नाही."

पाटील हसून म्हणाला, "आता कोणी आजारीच पडत नाही, वैद्यबुवा."

वैद्यांनी कोष्टिणीकडे पाहिलं. "बाई, तुमच्या घरात आहे का कोणी निजलेलं? असेल तर मोकळेपणी सांगा. औषध माझ्याजवळच आहे."

आत येसू निजली होती. मधे नुसता लुगड्याचा पडदा होता. कोष्टिणीच्या ओठांवर शब्द आला होता. तेवढ्यात तिने आळीकडे नजर टाकली. बायका आपापल्या दारात उभ्या होत्या, साऱ्या हसतमुख, आणि साऱ्या तिच्याकडेच बघत होत्या.

"कोणी नाही," ती म्हणाली.

वैद्य औषधाची पेटी घेऊन पुढे गेले. संध्याकाळी त्यांनी राजाला सांगितलं, "गावाची तब्येत उत्तम आहे. स्वभावही शांत. कोणाची काही तक्रार नाही."

त्यानंतर येसूचा ताप उतरला नाही. कोष्टीण हंडा घेऊन आडावर जायची, तेच पाणी आणायची, तेच लेकीला पाजायची. आड उपसायला हवा असं कोणाच्या मनात आलं नाही, कारण आळीत कोणी आजारीच नव्हतं. ज्या दिवशी राजाचा हुकूम आला आणि वेशीवर ढोल वाजू लागले, त्या दिवशी सकाळी येसू गेली.

कोष्टिणीला काही सुचेना. ती मागच्या दाराने धावत तेलिणीकडे गेली. तेलीण जमिनीवर बसली होती आणि तिच्या मांडीवर तिचा धाकटा मुलगा तापाने फणफणत पडला होता.

"कधीपासून?" कोष्टिणीने विचारलं.

"वैद्यबुवा यायच्या आधीपासून," तेलीण म्हणाली. "तुझी येसू?"

"गेली."

तेलिणीने कपाळावर हात मारून घेतला. "अगं, मला सांगायचंस तरी."

"तू सांगितलंस?" कोष्टीण म्हणाली. तेलिणीने मुलाला छातीशी धरलं.

कोष्टीण घरी परतली तर दारात पाटील उभा होता. त्याला खबर लागली होती. तो काही दुष्ट माणूस नव्हता. "शहरातली बडी मंडळी आलीत," तो म्हणाला. "तेवढं आज रडू नकोस, बाई. उद्या रड."

कोष्टिणीने पदराचा बोळा तोंडात कोंबला आणि ती लेकीजवळ बसून राहिली. बाहेर ढोल वाजत होते, पेढे वाटले जात होते. गाव तटाच्या आत गेलं. दुसऱ्या दिवशी ती मोठ्याने रडली. आळीत सगळ्यांना ऐकू गेलं, आणि आपापल्या घरातलं दुखणं बाहेर दिसू नये म्हणून सगळ्यांनी दारं आतून लावून घेतली.

तात्पर्य एवढंच: जे गाव आपलं दुखणं दाखवायला लाजतं, त्याला निरोगी म्हणून मान मिळतो, पण औषध मिळत नाही आणि रडायला सोबतही मिळत नाही.