चेपलेला डबा

एका डोंगराळ राज्यात विसाजी नावाचा एक व्यापारी राहत होता. या राज्याला समुद्र नव्हता. बंदर शेजारच्या राज्यात, आणि शेजाऱ्याला घाई कधीच नसे. माल आधी बंदरात पडून राही, मग नाक्यावर, मग घाटात. त्या वाटेने विसाजी आंब्याचा रस आणी. पुठ्ठ्याच्या डब्यात बंद केलेला, वर पिवळ्याधमक आंब्याचं चित्र. कारखान्यातून निघताना रसाला वर्षाचं आयुष्य असे. गावात पोचेपर्यंत त्यातलं निम्मं संपलेलं असे आणि किंमत चौपट झालेली असे.

गावात थंडी इतकी, की आंब्याचं झाड कुणी पाहिलेलं नव्हतं. बोरं तेवढी येत, तीही आंबट. तेव्हा लोकांनी रसाचे डबे भराभर घेतले यात नवल नाही. नवल पुढेच आहे. प्यायलं कुणीच नाही.

ही करामत गावातल्या म्हाताऱ्यांची. एवढी महागाची वस्तू पिऊन टाकायची म्हणजे काय, असं त्यांनी एकदा पारावर बसून ठरवलं, आणि त्यांनी ठरवलं की ठरलं. त्यांना कुणी उलट विचारत नसे. डबा न्यायचा बारशाला, लग्नाला, आजाऱ्याच्या समाचाराला. ज्याला मिळाला त्याने तो चित्र बाहेर करून फडताळात मांडायचा आणि पुढच्या बारशाला पुढे ढकलायचा. डबे गावभर फिरत. रस कुणाच्या घशाखाली उतरत नसे. पोरांनी हट्ट धरला की थोबाडीत बसे. याला ते वळण म्हणत.

विसाजीला हे सगळं दिसत होतं. त्याचा एक डबा घाटात ट्रकमधून पडून कोपऱ्यात चेपला होता. तो त्याने जरा स्वस्तात विकला. काही महिन्यांनी तोच चेपलेला डबा त्याच्याच मुलाच्या बारशाला आहेर म्हणून घरी आला. विसाजीने तो पुसून फडताळात ठेवला. रस लागतो कसा, हे त्यालाही माहीत नव्हतं. त्याला विकण्याशी मतलब.

या सगळ्या म्हाताऱ्यांचे पुढारी आबाजी. त्यांची बायको सगुणाबाई त्या हिवाळ्यात अंथरुणाला खिळली. ताप हटेना, अन्न जाईना. वैद्य म्हणाला, "गोड, पातळ काहीतरी द्या. मागतील ते द्या."

समाचाराला सारा गाव लोटला. प्रत्येकाने रीतीप्रमाणे एकेक डबा आणला. उशाशी डब्यांची भिंत उभी राहिली. त्या भिंतीला टेकून सगुणाबाई उकळलेलं पाणी पीत होती.

"अहो, यातला एक फोडा ना," ती म्हणाली. "जन्मात एकदा आंबा चाखते."

"खुळी का काय तू," आबाजी म्हणाले. "बरी झालीस की या सगळ्यांकडे जायला लागेल. तेव्हा हात हलवत जाऊ?"

"आणि नाही झाले बरी, तर?"

"अभद्र बोलू नये," असं म्हणून आबाजींनी एक कलंडलेला डबा सरळ केला.

त्यांची सून चंपा दाराशी उभी होती. ती म्हणाली, "मामंजी, मी फोडते. लोक काय म्हणायचं ते मला म्हणतील."

"परवा या घरात आलीस, आणि रीत तू शिकवणार?"

चंपाची दोन पोरं शाळेत जात होती. आबाजींच्या हिशेबात तरीही परवाच.

मग एक दिवस विसाजी आला. वखारीत ताजे डबे होते, पण घरातलाच एक खपतोय तर ताजा कशाला काढा, म्हणून त्याने तो चेपलेला डबा आणला होता.

"विसाजी, तूच आणतोस ना रे हे?" सगुणाबाईने विचारलं. "आंबा लागतो कसा?"

"गोड असतो म्हणतात, काकू."

"म्हणतात? तूसुद्धा नाही प्यायलास?" ती हसली, आणि हसता हसता तिला खोकला आला. "मग तू तरी फोड. तुला कोण बोलणार?"

विसाजीने डबा उलटा करून पाहिला. तळाशी छापलेली तारीख कधीच उलटली होती. रस नासला असणार. पण हे बोललो तर गावातल्या सगळ्या फडताळांतले डबे नासके ठरतील, आणि नव्या मालाचा ट्रक घाटात आहे. तो घेणार कोण? वखारीतून ताजा आणून फोडावा, तर आबाजींचं वैर. विसाजीने सगळा विचार केला. फक्त समोरच्या बाईचा केला नाही.

"आधी बऱ्या व्हा, काकू," तो म्हणाला, आणि डबा भिंतीवर ठेवून निघून गेला.

सगुणाबाई बरी झाली नाही.

दहाव्याला सगळे नदीवर जमले. पिंड मांडला. कावळा समोरच्या झाडावर बसून होता, खाली येईना. म्हातारे एकेक करून पुढे झाले आणि हात जोडून आश्वासनं देऊ लागले. घर सांभाळू. नातवंडांना शिकवू. चंपाला अंतर देणार नाही. कावळा ढिम्म.

"त्यांना रस हवा होता," चंपा म्हणाली.

आबाजींच्या डोळ्यांत पाणी आलं. सगुणाबाईच्या उशाशी जमलेले डबे पिंडापाशी मांडायला आणले होते, त्यांतून त्यांनी एक उचलला. नेमका तो चेपलेला. त्यांनी तो फोडला आणि पानावर ओतला. त्या गावात फुटलेला तो पहिला डबा, आणि तो कावळ्यासाठी फुटला.

रसाला फेस आला. कावळा खाली उतरला, दोन उड्या मारून जवळ आला, चोच लावली, मान झटकली आणि परत झाडावर जाऊन बसला.

"रागावलीय अजून," एक म्हातारा म्हणाला.

"रागावली नाही. रस नासलाय," विसाजी म्हणाला. "त्याची तारीख उलटलीय."

"तारीख समुद्राकाठच्या लोकांना. आमच्या थंडीत वस्तू टिकते," दुसरा म्हातारा म्हणाला. नाकाला मात्र त्याने उपरणं लावलं होतं.

चंपा विसाजीकडे वळली. "समाचाराला आला होतात तेव्हा पाहिली होती ना तारीख?"

"पाहिली होती."

"वखारीत ताजे होते?"

"होते."

"मग?"

दुखवट्याला म्हणून विसाजीने नवा डबा आणला होता. तो त्याने तिथेच फोडला आणि दुसऱ्या पानावर थोडा रस ओतला. कावळा आला आणि चोच बुडवून निवांत प्यायला.

सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. आबाजींनी डोळे पुसले. मग त्यांनी विसाजीच्या हातातला डबा घेऊन हलवून पाहिला.

"निम्म्याच्या वर आहे अजून," ते म्हणाले. "चंपा, नीट झाकून ठेव. तेराव्याला पाहुणे येतील."

चंपाने डबा हातात घेतला आणि सगळ्यांच्या देखत तोंडाला लावला. थांबली नाही. रिकामा झाल्यावर तिने पदराने तोंड पुसलं. म्हातारे नदीकडे बघत राहिले.

"कसा लागतो?" विसाजीने हळूच विचारलं.

"त्यांना आवडला असता," चंपा म्हणाली, आणि रिकामा डबा तिने आबाजींच्या हातात ठेवला.

तात्पर्य: प्यायची वस्तू तहानलेल्याला द्यावी, आणि तो जिवंत असताना द्यावी. रीत, मान, पाहुणे आणि धंदा यांची तहान कधीच भागत नाही. माणसाची एका पेल्यात भागते.